पंचावन्न मार्कांचा पोरगा

खरं सांगते, बेसबॉलमधलं मला आजही ओ की ठो कळत नाही. बॅट गोल असते, पळायचं मात्र चौकोनात असतं, आणि बॉल लांब गेला की लोक कधी नाचतात, कधी कपाळाला हात लावतात. माझी अक्कल एवढ्यावर संपते. तरी त्या मार्च महिन्यात मी कधी न पाहिलेल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराचं काय करायचं हे ठरवायची पाळी माझ्यावर आली. मी ठरवलंही. आणि त्यापायी अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्याचा थेट इथं आखातात, आमच्या सनाबिसच्या फ्लॅटवर फोन आला.

आमचे हे चिलरचे, म्हणजे मोठ्या इमारतींच्या एसी प्लँटचे टेक्निशियन. वर्कशॉप तुबलीला. पूर्वी एका प्रोजेक्टवर हा म्हातारा यांचा साहेब होता. त्यानं साइटवरच्या लोकांना जमवून बेसबॉलचा एक फोनवरचा खेळ सुरू केला. एक माणूस कमी पडत होता म्हणून यांना ओढलं. नागपूरच्या माणसाला बेसबॉलशी काय घेणंदेणं? पण हे एकदा कशात घुसले की बाहेर निघत नाहीत.

खेळ असा, की खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकानं आपली एक टीम बनवायची. ते खेळाडू तिकडं खऱ्या मॅचमध्ये जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला. प्रोजेक्ट संपला, माणसं चार देशांत पांगली, पण खेळ टिकला. इतकंच नाही, म्हाताऱ्याचे भाऊ-भाचे घुसून तो वाढत गेला आणि नावाजलेले खेळाडू पुरेनासे झाले. मग ही मंडळी ज्यांना नीट मिसरूडही फुटलं नाही अशी पोरं धरून ठेवायला लागली. एकदा धरला की वर्षानुवर्षं तुमचाच. पुढं मोठ्या लीगमध्ये पोचला तर तुमचं नशीब फळफळलं, नाही पोचला तर गेला कामातून. ते लोक अशांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. मी होतकरू म्हणते.

"बाजारात तुरी," मी यांना चिडवायची.

"असू दे नं बाप्पा," हे म्हणायचे. "तुरी पिकतील एक दिवस."

यांच्याकडं असा एक होतकरू होता, व्हेनेझुएलाचा. सोळाचा होता तेव्हापासून यांनी धरलेला. हे सकाळच्या चहाला सांगायचे, पोरानं काल दोन मारले, पोराचा घोटा दुखावला, पोराला वरच्या वर्गात घातलं. मोठ्या लीगमध्ये यायला त्याला अजून तीन वर्षं होती. "तो आला की बघ," म्हणायचे. मला वाटायचं, काय बघ? पण माणूस खुशीत असला की मी फार विचारत नाही.

मग फेब्रुवारीत यांच्या डाव्या डोळ्यापुढं एका कोपऱ्यातून काळं चढायला लागलं. आधी हे बोललेच नाहीत. बोलले तोवर डोळ्याचा आतला पडदा बराच सुटला होता. लगोलग ऑपरेशन झालं. पडदा दाबून बसवायला डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला आणि सांगितलं की आता दिवस-रात्र पालथं राहायचं, तोंड जमिनीकडं. जेवणही तसंच, झोपही तशीच. दृष्टी किती परत येईल हे मात्र आत्ता सांगता येणार नाही.

एक डोळा गेला तर उंचावर चढून काम करता येत नाही. काम नाही तर व्हिसा नाही. हे कोणी तोंडानं बोललं नाही, पण आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.

तुबलीच्या वर्कशॉपमधली माणसं चांगली. त्यांनी प्लायवूडचा एक उंच पलंग बनवून आणला, वर जाड फोम आणि डोक्याच्या जागी चेहरा मावेल एवढं गोल भोक. हे त्यावर पालथे पडायचे आणि त्या भोकातून फरशीकडं बघायचे. बघायचे कसले, उजवा डोळा चांगला असूनही मिटूनच ठेवायचे. मी फरशीवर ताट ठेवून चमच्यानं भरवायची. फोन समोर धरला तर म्हणायचे, "नको. डोकं दुखते."

बोलणं कमी झालं. आणि वस्तू द्यायला लागले. एक दिवस म्हणाले, "माझा टूलबॉक्स वर्कशॉपमध्ये देऊन टाक, कोणाच्या कामी येईल." दुसऱ्या दिवशी म्हणाले, नवे चालायचे बूट वॉचमनला दे, त्याचा नंबर माझ्याएवढाच आहे. मी दिले. मला वाटलं, पडल्या पडल्या पुण्य करून राहिले, करू दे.

आमच्या मजल्यावर वसईच्या एक बाई राहतात, हॉस्पिटलात नर्स आहेत. ड्युटीवरून येताना ड्रॉप टाकायला मदत करायच्या. त्यांना मी हे बूट-पुराण हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मला दारापर्यंत घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगो, लक्ष ठेव. उदास झालेला माणूस आधी वस्तू वाटायला लागतो. विचार धड करतो की नाही ते बघत राहा."

पण बघायचं कसं? माणसाचा चेहरा फरशीकडं, बोलणं हं-हूं एवढंच. डोकं ठिकाणावर आहे की नाही हे मी पाठीवरून ओळखू?

आणि नेमकी तेव्हाच म्हाताऱ्याची ऑफर आली. सीझन सुरू व्हायचा होता. यांचा फोन माझ्याकडंच असायचा, तेव्हा मीच वाचून दाखवली. म्हाताऱ्याला व्हेनेझुएलाचा पोरगा हवा होता. बदल्यात तो एक पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, देत होता. छत्तीस वर्षांचा, नाव झालेला, आजच्या आज खेळणारा.

"काय उत्तर देऊ?" मी विचारलं.

"दे."

"काय दे?"

"पोरगा दे नं. विचारून काय राहिली?"

मी उत्तर न देताच फोन खाली ठेवला. टूलबॉक्स दिला, बूट दिले, आता पोरगा. की हा खरंच चांगला सौदा होता? मला कळेना. तेव्हा मी मनाशी ठरवलं की आधी सौदा तपासायचा. सौदा शहाणपणाचा निघाला तर यांचं डोकं ठिकाणावर आहे, मी उगाच घाबरले. सौदा मूर्खपणाचा निघाला तर वसईच्या बाई म्हणतात ते खरं. थर्मामीटर लावता येत नव्हता, म्हणून मी बेसबॉल लावलं.

हसू नका. दुसरं काय होतं माझ्या हातात?

मी एका भारतीय शाळेच्या ऑफिसात काम करते. मार्च म्हणजे आमच्याकडं रिझल्टचा महिना. दिवसभर मार्क, टक्के, श्रेणी, आणि पालकांची भांडणं. तेव्हा आकड्यांना मी घाबरत नाही, असा माझा समज होता. लंच-ब्रेकमध्ये मी पोराची माहिती उघडली आणि डोकं भणभणून गेलं. एका रकान्यात 'के' लिहिलेलं. पिचरच्या नावापुढं के भरपूर, तर ते कौतुकाचं. पोराच्या नावापुढं के भरपूर, तर म्हणे ही काळजीची गोष्ट. एकच अक्षर एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला शिव्या, असं कसं? वाचता वाचता कळलं की के म्हणजे आउट. पिचर आउट करतो, बॅटवाला आउट होतो. बरं, हे पटलं. पुढं एक आकडा असा, की तो जितका कमी तितका पिचर भारी. त्याच्या शेजारचा जितका जास्त तितका भारी. मग पोराचं वय. एका ठिकाणी लिहिलं होतं की वयाच्या मानानं तो वरच्या वर्गात आहे म्हणून त्याचे आकडे पडलेत, आणि पडलेत हेच चांगलं लक्षण आहे. मी ते तीनदा वाचलं. आमच्या शाळेत एखाद्या बापाला असं सांगून बघावं, की तुमचा मुलगा नापास झाला हे फार चांगलं लक्षण आहे!

आता म्हणी तरी काय सांगतात ते बघू म्हटलं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. म्हणजे पिचर घ्यावा, तो हातचा आहे. पण थेंबे थेंबे तळे साचे असंही आहेच, म्हणजे पोरगा ठेवावा. म्हणींचं हे असंच असतं, ज्याला जी हवी ती सापडते.

दोन-तीन दिवस मी अशीच चाचपडत होते. घरी आले की यांच्या पाठीकडं बघायची आणि विचार करायची, हा माणूस शहाणा की खचलेला? जिदहफ्सच्या बाजारात भाजी घेतानाही माझ्या डोक्यात तेच. भाजीवाल्यानं वांगी तोलून झाल्यावर "खलास?" म्हणजे झालं का विचारलं, तर मी म्हटलं, "माहीत नाही." तो बिचारा पिशवी हातात धरून उभा, आणि मी वांगी न घेताच निघाले.

आणि मग एकदाची मला किल्ली सापडली. पोराच्या माहितीत खाली मार्कच दिले होते! विषयवार. बॅटिंग पंचावन्न, ताकद साठ, पळणं पन्नास, हात पंचावन्न. आणि एकूण पंचावन्न.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इतके दिवस लपवलं कुठं होतं हे? पंचावन्न. म्हणजे साधा सेकंड क्लास. ना धड हुशार, ना धड ढ. आमच्याकडं पंचावन्न टक्के घेऊन पोरगं आलं तर आई ऑफिसच्या दारातच रडायला लागते. आणि या पंचावन्नवाल्यापायी मी जिवाला घोर लावून घेतला! यांना हे मार्क माहीत असणारच. तेव्हा यांचं बरोबर होतं. असल्या पोरापेक्षा नाव झालेला पिचर कधीही बरा. डोकं अगदी ठिकाणावर होतं यांचं. मीच येडी.

मी तिथल्या तिथं, स्टाफरूमच्या खुर्चीत बसून, ऑफर मान्य केली. संध्याकाळी घरी येऊन सांबारवडी, म्हणजे नागपूरकडची कोथिंबिरीची वडी, तळली. वडीचा तुकडा भोकाखालून यांच्या तोंडाशी नेत मी सांगितलं, "पोरगा देऊन टाकला."

"बरं झालं," हे म्हणाले. वडी अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हाताऱ्याचा फोन. तिकडं सकाळ असणार. मला वाटलं, आभार मानायला केला असेल. तो म्हणाला, "मॅडम, त्याला काय झालंय?"

"कोणाला?"

"तुमच्या नवऱ्याला. मी दर सीझनला हीच ऑफर देतो. चिडवायला. माझा पिचर म्हातारा, त्याचं कोपर कामातून गेलेलं, आणि मी मागतो त्याचा सगळ्यात लाडका पोरगा. तो मला कचकचीत शिवी देतो आणि मग आमचा सीझन सुरू होतो. काल त्यानं मान्य केलं. मी रात्रभर झोपलो नाही."

मी म्हटलं, "पण त्या पोराला पंचावन्नच मार्क आहेत."

तो फार जपून बोलायला लागला, आमचे प्रिन्सिपल चिडलेल्या पालकांशी बोलतात तसं. मॅडम, ते शंभरापैकी नसतात. वीसपासून सुरू होतात आणि ऐंशीला संपतात. ऐंशी जवळजवळ कोणालाच मिळत नाहीत. मोठ्या लीगमधला पगारी, पक्का, रोज खेळणारा माणूस म्हणजे पन्नास. एकोणीस वर्षांच्या पोराला पंचावन्न म्हणजे... "तुमच्या शाळेत पहिला कोण येतो?" त्यानं विचारलं. "तो."

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. सौदा मूर्खपणाचा होता. म्हणजे माझ्या थर्मामीटरनं ताप दाखवला होता, मीच तो उलटा वाचला होता. आणि वर स्वतःच्या हातानं शिक्का मारून मोकळी झाले होते.

डोळ्याचं यांनी म्हाताऱ्याला काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तो म्हणाला, "बाकीच्यांना हरकत घ्यायला दोन दिवस असतात, तोवर हे मोडता येतं. मी मोडतो. पण त्यानं स्वतः सांगायला पाहिजे. तुमच्याकडून नाही ऐकणार मी. मी फोन ठेवत नाही, तुम्ही विचारून या."

मी फोन घेऊन तशीच आतल्या खोलीत गेले. हे पालथे. पाठ वर-खाली होत होती.

"पंचावन्न म्हणजे काय हे तुम्हाला माहीत होतं?" माझा आवाज चढला होता.

भोकातून आवाज आला, "हव."

"तो पिचर मोडका आहे हे माहीत होतं?"

"हव."

"मग काहून दिला?"

"म्हातारा नीट सांभाळेल त्याला," हे म्हणाले. "तो येईन तेव्हा मी कुठं असणार? नागपूरला घरात बसून राहीन. दिसून राहिलं तर बघीन, नाही तर नाही. कोणाचं काय अडते?"

माझा बांधच फुटला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. टूलबॉक्स काढला, बूट काढले. म्हटलं, तुम्ही घर वाटून राहिले आणि मला वाटलं पुण्य करून राहिले. इतक्या दिवसांत मी तुमच्यापायी बेसबॉल शिकून राहिली, के म्हणजे काय ते शिकली, आणि तुम्हाला एक शब्द बोलवला नाही? भीती वाटते तर सांगायचं नं, मला काय वाटत नाही भीती? मला इतकी भीती वाटते की मी बाजारात वांगी घ्यायला विसरते! एक तरी वस्तू ठेवा वो स्वतःसाठी. मला नका ठेवू वाटलं तर, पण त्या पोराला ठेवा.

हातातल्या फोनमधून म्हातारा सगळं ऐकत होता. मराठीचं एक अक्षर त्याला येत नाही, पण त्यानं फोन ठेवला नाही.

यांची पाठ हलायला लागली. आधी थोडी, मग जोरात. हसून राहिले की रडून राहिले? मला काही समजेना. पाठीवरून कोणाला समजणार? इतके दिवस मी पाठीशीच बोलत होते, पाठीलाच जेवू घालत होते. शेवटी मी फोन बाजूला ठेवला, साडी सावरली आणि सरळ फरशीवर उताणी पडले. सरकत सरकत पलंगाखाली शिरले आणि माझा चेहरा यांच्या चेहऱ्याखाली आणला. कोपरांवर रेटून जरा वर उठले, अगदी वीतभर अंतरावर.

रडून राहिले होते. नाक लाल, ओठ सुजलेले, ऑपरेशन झाल्यापासून असा नीट चेहरा मी पाहिलाच नव्हता. एक थेंब माझ्या गालावर पडला.

"बाजूला हो," हे म्हणाले. "काय येड्यासारखी करून राहिली."

"नाही होत."

मग यांनी माझ्याकडं बघितलं. उजवा डोळा उघडला, मिटला. पुन्हा उघडला. मी कोपरांवर आणखी थोडी वर झाले. मग यांनी उजवा डोळा घट्ट मिटून घेतला, आणि कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं, दुखतंय. मी हात वर केला तर म्हणाले, "थांब. हलू नको."

मी हलले नाही. कोपरं दुखायला लागली होती.

"तुझी टिकली," हे म्हणाले, "वाकडी लागली आहे."

मला आधी काहीच कळलं नाही. मग कळलं. "कोणत्या डोळ्यानं?"

"डाव्या."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सांगितलं की गॅस असताना अगदी नाकाजवळचं असं दिसतं कधीकधी, त्यावरून काही धरून चालू नका. बरोबरच असेल त्यांचं. पण त्या संध्याकाळी पलंगाखाली आम्हाला हे सांगायला कोणी नव्हतं. आणि फोन फरशीवर "हॅलो, हॅलो" करत होता, तो यांनी माझ्याकडून तोंडाजवळ धरून घेतला, आणि म्हाताऱ्याला अशी काही शिवी हासडली की ती मी इथं लिहू शकत नाही.